पंप माझ्याकडे, पाना त्यांच्याकडे

३ मार्च

ताई,

वजनकाट्यावरचा फोन अजून बंदच लागतो. म्हणून हे पत्र तुमच्या बाजूला निघालेल्या ट्रकवाल्याच्या हाती देते आहे. त्याची ताडपत्री मी शिवली आहे, तो वजनाला तुमच्याकडे थांबणारच.

तुमचा भाऊ घरातून निघून गेला आहे. परवा सकाळी, मोटरसायकल घेऊन.

मी खाली दुकानात होते. शिलाईचं मशीन चालू होतं, पुढ्यात अख्ख्या ट्रकची ताडपत्री आणि तिच्याखाली मी अर्धी बुडालेली. गाडीला किक मारल्याचा आवाज आला. मला वाटलं, दातांच्या डॉक्टरकडे कवळ्या पोचवायला चालले असतील. जेवायला वर गेले, तर खुंटीवर जाड जाकीट नव्हतं. लांबच्या प्रवासाचे बूट नव्हते. चिठ्ठी नाही, निरोप नाही.

दरवर्षीसारखं दोघांनी दोन गाड्यांवरून यंदा समुद्रावर जायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून मी पायऱ्यासुद्धा कठडा धरून चढते, गाडीला किक काय मारणार? यांनीच म्हटलं होतं, "राहू दे. समुद्र कुठे पळून चाललाय?" आणि मग एकटेच गेले. एवढंच असतं तर मी रागावून गप्प बसले असते. तुम्हाला लिहिलं नसतं.

पण काल मी माझ्या गाडीवरची पिशवी उघडली.

दरवर्षी तुम्ही आमच्या गाड्यांचं वजन करता, पण पिशव्यांत काय असतं ते तुम्हाला कधी सांगितलं नसेल. लग्नानंतरच्या पहिल्याच लांबच्या फेरीत माझं मागचं चाक पंक्चर झालं. हे पुढे होते आणि सगळं सामान यांच्या गाडीवर. मी मागे नाही हे यांच्या लक्षात आलं तेव्हा घाट उतरून झाला होता. परत येईपर्यंत मी रणरणत्या उन्हात गाडीच्या सावलीत बसून होते. ती सावली केवढी असते ते बसल्याशिवाय कळत नाही. घरी आल्यावर मी सामान वाटून टाकलं. पंप आणि जास्तीच्या ट्यूब माझ्याकडे. पाने, टायर उचकटायच्या पट्ट्या, ठिगळं आणि ती चिकटवायचं सोल्युशन यांच्याकडे. पंक्चर कोणाचंही होवो, दुसऱ्यावाचून चाक फिरणार नाही. गल्लीच्या तोंडाचा मेकॅनिक दरवर्षी हसतो. म्हणतो, "वहिनी, घरात दोन शहाणे असले की असं होतं." हसू दे. त्यानंतर हे कधी माझ्या नजरेआड गेले नाहीत.

आता माझ्या पिशवीत पंप जसाच्या तसा आहे. ट्यूबही आहेत, पावडर लावून गुंडाळलेल्या. फळीवर यांची पिशवी मात्र नाही. म्हणजे अर्धं सामान घेऊन हे एवढ्या लांब निघाले आहेत.

तुमचा भाऊ तुम्हाला ठाऊक आहे. कुलूप लावल्यावर ते पुन्हा पुन्हा ओढून बघणारा माणूस. निघायच्या आधी अंगणात चाक काढून परत बसवायची तालीम करतात, ती यंदाही केली. मी विचारलं, जायचं नाही तर हा खटाटोप कशाला? म्हणाले, "हात विसरायला नकोत."

असा माणूस पंपाशिवाय जाईल? नाही जाणार. म्हणजे दुसरा एखादा पंप, दुसऱ्या कोणाकडे तरी आहे.

मग मी स्वयंपाकघरात पाहिलं. प्रवासाचे पत्र्याचे कप दोन आहेत. दोन्ही नेलेत.

ताई, कोण आहे ती? गेले कित्येक महिने यांचं लक्ष घरात नव्हतं. बोलता बोलता मध्येच थांबायचे आणि खिडकीबाहेर बघत राहायचे. जानेवारीत एका बाईची कवळी दोनदा केली. तोच ठसा, तेच दात, दोन्ही कवळ्या चोख. डॉक्टर म्हणाला, "हिला काय दोन तोंडं आहेत?" मीही हसले. आता वाटतं, त्या वेळी सगळ्यात जास्त हसं माझंच झालं होतं.

हे तुमच्याकडे आले असतील तर लिहा. भाऊ म्हणून पांघरूण घालू नका.


५ मार्च

वहिनी,

तुझं पत्र वाचलं आणि काट्यावरचा ट्रक तसाच उभा राहिला. ड्रायव्हर खालून ओरडतोय, "बाई, वजन सांगा की!" मी त्याला आधीच्या ट्रकचं वजन सांगितलं. तो खूश होऊन निघाला होता. धावत जाऊन परत बोलवावा लागला.

बापू? आपला बापू? मोज्यांच्या जोड्या लावून त्यांना गाठ मारून ठेवणारा? अगं, लहानपणी चोरून साखर खाल्ली तर हा स्वतःच आईला सांगायचा आणि वर बोटं दाखवायचा. त्याला बाहेरख्यालीपणा जमेल? त्याला तो शब्दसुद्धा एका दमात म्हणता येणार नाही.

पण आता तुला सांगायलाच हवं. तो इथे आला होता. निघाला त्याच दिवशी, दिवेलागणीला. धुळीने माखलेला, पण तब्येत ठणठणीत. नेहमीसारखी आधी गाडी काट्यावर चढवली आणि म्हणाला, "घे वजन." एकटा होता. मी विचारलं, वहिनी कुठे? त्यावर काहीतरी बोलला. मला वाटलं, वाटेत तुमचं वाजलं असेल आणि तू फणकाऱ्याने परत फिरली असशील. नवरा-बायकोच्या मध्ये मी तोंड घालत नाही. एकदा घातलं होतं, त्यानंतर तुम्ही दोघं गोड झालात आणि मी वाईट. तेव्हा गप्प बसले. जेवला, झोपला आणि सकाळी समुद्राच्या रस्त्याला लागला.

काय बोलला ते विचारू नकोस. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचा अर्थ मला तरी कुठे लागलाय? समोरासमोर बसू तेव्हा बोलू. तू वेळेवर जेवत जा. आला की आधी मी त्याचा कान धरते. तुझी पाळी नंतर.

ताई


६ मार्च

ताई,

"लिहिण्यासारखं नाही" असं लिहून तुम्ही सगळंच लिहिलंत.

आज दातांच्या डॉक्टरने माणूस पाठवला होता. एका म्हाताऱ्या माणसाचे वरचे दात आज द्यायचे ठरले होते. मी यांच्या कामाच्या टेबलाशी गेले. मेणात अर्धे दात बसवलेले, अर्धे बशीत. हातातलं काम असं टाकून उठलेलं मी यांना कधी पाहिलं नाही. आणि दुसरं सांगते. त्या दिवशी मी वर गेले तेव्हा टेबलावरचा स्पिरिटचा दिवा जळत होता. बाजूलाच मेणाचे तुकडे, कागद, आणि हे गेलेले. घर पेटलं असतं, ताई. मी खाली मशीनवर होते. तिच्याकडे जायची एवढी घाई, की मागे मी जळाले तरी चाललं असतं.

मेकॅनिकने विचारलं, "साहेब एकटेच गेले?" मी म्हटलं, बहिणीकडे गेलेत. तो म्हणाला, "मग पंप मागवून घ्या म्हणावं तुमच्याकडून." गमतीने म्हणाला. दुपारी शिवताना सुई नखातून आरपार गेली. ताडपत्री काळी होती, रक्त दिसलं नाही.

तुम्ही जे लपवताय ते मी रोज नव्याने रचून बघते आहे. एक दिवस ती तरुण असते, दुसऱ्या दिवशी माझ्याच वयाची. माझ्याच वयाची असली की जास्त लागतं. त्यापेक्षा खरं काय ते कळू दे. यांचा शब्द न् शब्द लिहा. मला चक्कर येणार नाही. बसून वाचेन.


८ मार्च

वहिनी,

मग बस.

गाडीवरून उतरल्यावर मी विचारलं, वहिनी कुठे? म्हणाला, "मागून येतेय." इथवर मला काही वावगं वाटलं नाही. मी चहा टाकला. त्याने पिशवीतून स्वतःचे पत्र्याचे कप काढले. दोन्ही भरले. एक आपण घेतला आणि एक काट्याच्या फाटकाच्या कठड्यावर नेऊन ठेवला. मी म्हटलं, अरे, गार होईल. तर म्हणाला, "होऊ दे. तिला गारच लागतो."

तिथे मला खटकलं. तू माझ्याकडे इतकी वर्षं येतेस, उकळता चहा पितेस. मग ही गारवाली कोण?

तो तिथेच बसला. रस्त्यावर एका दिव्याची गाडी दिसली की उठायचा, ती गेली की पुन्हा बसायचा. शेवटी मला राहवलं नाही. मी विचारलं, "बापू, नक्की कोण येतंय मागून?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मलाच वेड लागलंय. म्हणाला, "कोण म्हणजे? ती." नाव नाही, गाव नाही. "पंप तिच्याकडे आहे," म्हणाला. "ती आल्याशिवाय मला पुढे जाऊन चालणार नाही."

तुझं पहिलं पत्र वाचताना माझं ट्रकचं वजन का चुकलं ते आता कळेल तुला. पंप दुसऱ्या कोणाकडे आहे, हे तू घरी बसून ओळखलंस. मी ते त्याच्याच तोंडून ऐकलं होतं.

सकाळी म्हणाला, "मला झोप लागली तेव्हा ती पुढे गेली असणार." आणि गेला घाईघाईने. मी फाटकावरच्या माणसाला विचारलं. मोटरसायकलवर कुठलीही बाई इथून गेलेली नाही. तेव्हा मला वाटलं, पुढे कुठेतरी भेटायचं ठरलं असेल.

आता एक गोष्ट माझ्या मनातली. त्याच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती. नुसती काळजी होती. बायकोच्या नणंदेसमोर—म्हणजे स्वतःच्या सख्ख्या बहिणीसमोर—दुसऱ्या बाईची एवढी उघड काळजी करणारा माणूस मी पाहिला नाही. निर्लज्ज म्हणावं, तर तोंड तसं नव्हतं. मला काही कळेनासं झालंय, वहिनी.

ताई


९ मार्च

ताई,

ती मी आहे.

गार चहा मी पिते. दुकानात कप मशीनच्या बाजूला ठेवलेला असतो, एक शिवण संपेपर्यंत तो गार होतो, आणि आता गरम चहा मला जातच नाही. तुमच्याकडे तुम्ही एवढ्या हौसेने समोर उभ्या राहता म्हणून जीभ भाजून घेते. हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. यांनाच ठाऊक आहे.

तुमचं पत्र मी उभ्यानेच वाचायला घेतलं होतं. त्या ओळीपाशी बसले.

दुसरी कोणी नाही, ताई. यंदा जायचं नाही, हे यांना आठवत नाही. मी मागून निघाले आहे असं यांना वाटतंय. यांचं सामान यांनी घेतलं, माझं माझ्यासाठी ठेवलं. कप दोघांचे घेतले. सगळं नेहमीसारखं. चूक एकच, मी तिथे नाही.

आता एकेक गोष्ट उलटी होऊन समोर येते आहे. कवळी दोनदा का झाली? पहिली केल्याचं आठवलं नाही. दिवा का जळत राहिला? तिच्याकडे जायची घाई म्हणून नव्हे. आणि एक तर मी तुम्हाला सांगितलंही नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं. निघाले त्या सकाळी हे दुकानाच्या दारात उभे राहिले होते. मशीनच्या आवाजात विचारलं, "पंप घेतलास ना?" मी मान वर न करता म्हटलं, "आहे, आहे." यांनी मान डोलावली आणि गेले. मला वाटलं, मेकॅनिकला हवा असेल.

मी माझ्या नवऱ्यावर बाई लादली. गेला आठवडाभर मनातल्या मनात शिव्या घातल्या. आणि हे कुठेतरी रस्त्यावर उभे राहून मी का येत नाही म्हणून बघतायत. काटा टोचला, खिळा लागला, तर यांच्याकडे पंप नाही. हे घाबरले तर विचारणार कोणाला?

पोलिसांकडे जाऊन आले. तिथला माणूस म्हणाला, "मोठा माणूस आहे, स्वतःच्या गाडीवर, स्वतःच्या मर्जीने गेलाय. हरवला कसा म्हणता?" मी सांगायला गेले आणि माझंच मला खोटं वाटायला लागलं.

तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला सांगा. जाड तपकिरी जाकीट, जुनी काळी गाडी, मागच्या बाजूला एकच पिशवी. मी आत्ता निघाले असते, पण कुठे जाऊ? आणि दोघंही रस्त्यावर असलो तर निरोप कोणाला मिळणार? दार उघडं टाकून बसले आहे. लवकर कळवा. काहीही असलं तरी कळवा.


११ मार्च

वहिनी,

आहे. धडधाकट आहे. आधी हे वाच, मग बाकीचं.

काल मिठाचे ट्रक आले. त्यातला एकजण म्हणाला, "बाई, तुमचा माणूस मिठागराच्या सरळ रस्त्यावर चाक काढून बसलाय. मी माझ्या ट्रकची हवा देतो म्हटलं, तर नको म्हणाला." आज सकाळी काट्यावर बदली माणूस बसवला आणि त्याच्याच ट्रकमधून गेले.

लांबूनच दिसला. त्या रस्त्याला झाड नाही, वळण नाही, एक चहाची टपरी तेवढी. गाडी स्टँडवर, खाली दगड लावलेला. मागचं चाक काढून बाजूला ठेवलेलं. रुमाल अंथरून त्यावर नट आणि वॉशर ओळीने मांडलेले, एकही इकडचा तिकडे नाही. आणि हा जाकिटाची गुंडाळी करून त्यावर बसलेला, तुमच्याकडून येणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून. टपरीवाला म्हणाला की आधी काही दिवस हा समुद्रावरच्या लॉजमध्ये होता. रोज नाक्यापर्यंत येऊन बघून जायचा. परवा सामानसुमान घेऊन इकडे आला आणि चाक काढून बसला. झोपायला टपरीवाल्याने बाक दिला. भला माणूस आहे.

मी काट्यावरचा पंप नेला होता. बापूने तो हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. "हा आमचा नाही." मी म्हटलं, हवा ती हवा! तर म्हणाला, "असं कसं? ती येईल आणि तिला काय वाटेल?"

मग मी चुकले. मी खरं सांगून टाकलं. म्हटलं, "बापू, वहिनी घरी आहे. तिचा गुडघा कापलाय. ती निघालेलीच नाही." तो हसला. अगदी लहानपणी हसायचा तसा. म्हणाला, "ताई, मग मी कोणाबरोबर निघालो?"

तो उत्तराची वाट बघत होता, वहिनी. खरंच बघत होता. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं आणि तो पुन्हा रस्त्याकडे बघायला लागला. मी रडले ते ट्रकमध्ये बसल्यावर.

हात धरून ओढून आणला असता, पण हात लावला की अंग आक्रसून घेतो. दोन ड्रायव्हर तयार होते, उचलून ट्रकमध्ये घालतो म्हणाले. मीच नको म्हटलं. माझ्या भावाचं वजन मी असं करणार नाही.

तुझ्याशिवाय तो उठणार नाही. आणि बसने येऊ नकोस. बसमधून उतरलेल्या बाईकडे तो बघणारसुद्धा नाही, त्याला मोटरसायकल दिसायला हवी. तुझा गुडघा मला ठाऊक आहे. तरी लिहिते आहे. जमणार नसेल तर जमणार नाही म्हण, मग त्या दोघा ड्रायव्हरांना सांगते. टपरीवाला तोवर त्याला सांभाळतो म्हणालाय.

ताई


१४ मार्च

ताई,

हे सापडले. आम्ही दोघं समुद्रावरच्या लॉजमध्ये आहोत, नेहमीच्याच खोलीत. हे झोपलेत. काल पुढचं चाक समुद्राकडे वळवून उभे राहिले. आल्यासारखं जाऊन येऊ, म्हणाले. मला नाही म्हणवलं नाही. उद्या परत फिरू आणि तुमच्याकडे मुक्काम करू. घरी पोचलो की दातांच्या डॉक्टरने दुसऱ्या एका डॉक्टरांचं नाव दिलंय, त्यांच्याकडे जायचं आहे. त्यापुढचं मला आत्ता विचारू नका.

पहाटे अंधारातच मेकॅनिकने गाडी चालू करून दिली. म्हणाला, "वहिनी, कुठेही बंद करू नका. बंद झाली तर तुमच्या पायाने परत चालू होणार नाही." म्हणून तुमच्या काट्यावरून तशीच गेले. तुम्ही खिडकीतून हात केलात तो मी पाहिला. माझा हात सुटण्यासारखा नव्हता. पेट्रोल पंपावर तिथल्या एका थोराड माणसाने किक मारून दिली. गुडघा सुजून पँट घट्ट झाली होती. वाटेत सारखं वाटत होतं, माझंच चाक बसलं तर? पंप माझ्याकडे आणि पाना यांच्याकडे. इतकी वर्षं ज्या व्यवस्थेचा मला तोरा होता, तिची मला काल पहिल्यांदा भीती वाटली.

मिठागराचा रस्ता लागला तेव्हा सूर्य कलायला लागला होता. लांबून एक ठिपका उठून उभा राहिलेला दिसला.

मी थांबले. उतरता येईना. हे आले, हँडल धरलं आणि मला काखेत हात घालून उतरवलं. "काय गं, कुठे होतीस?" रागाने नाही. मी म्हटलं, उशीर झाला. मग मी लंगडत टपरीकडे निघाले, तर विचारतात, "पायाला काय झालं?"

ताई, दवाखान्यात हे माझ्या उशाशी खुर्चीवर बसून होते. टाके काढताना माझा हात यांच्या हातात होता. मी पँट वर करून व्रण दाखवला. यांनी त्यावरून बोट फिरवलं, कवळीच्या ठशावरून फिरवतात तसं. "हे कधी?" म्हणाले. मी म्हटलं, झालं काही दिवस. "दुखतं?" म्हणाले. मी म्हटलं, नाही.

मग कामाला लागलो. आपण जेवायला बसतो तितक्या सहज. यांनी ट्यूब बाहेर काढली, मी हवा भरली. टपरीवाल्याने घमेल्यात पाणी आणलं. ट्यूब पाण्यात बुडवून थोडी थोडी फिरवत नेली, बुडबुडे कुठून येतात ते बघत. एक फेरी झाली. बुडबुडा नाही. मी म्हटलं, पुन्हा. पुन्हा फिरवली. पाणी स्तब्ध. चहा प्यायला थांबलेले दोघे-तिघे वाकून बघत होते. त्यातला एकजण म्हणाला, "बाई, हिला भोकच नाही."

मी टायरच्या आतून हात फिरवला. खिळा नाही, काटा नाही, काचही नाही. व्हॉल्व्हवर थुंकी लावून पाहिली, तोही चांगला. टायर उचकटायच्या आधी या चाकात पूर्ण हवा होती. यांनी सोडली होती.

मी खाली बसले. लोक आपापल्या चहाकडे वळले. मी हळूच विचारलं, "अहो, चाक चांगलं होतं. मग का काढलंत?"

यांना माझा प्रश्न बाळबोध वाटला असावा. बोटं पुसत म्हणाले, "तू दिसत नव्हतीस. लॉजवर बघितलं, नाक्यावर बघितलं. कुठे शोधू? मग म्हटलं, चाक काढावं. चाक काढलं की तू येतेस."

एवढं बोलून ट्यूब टायरमध्ये घातली. व्हॉल्व्ह सरळ बसवला, टायरची कड पट्टीने चढवली, ट्यूबला कुठे चिमटा बसू दिला नाही. चाक लावलं, चेन ताणून पाहिली, रुमालावरचा एकेक नट उचलून घट्ट केला. एकही चूक नाही. तुम्ही बघायला हवं होतं. मग बाजूला सरकले, कारण पुढचं काम माझं.

मी पंप जोडला आणि हवा भरायला लागले. खाली मान घालून भरत राहिले. मान वर केली असती तर माझं तोंड यांना दिसलं असतं. टायर टणक झाला तरी मी थांबले नाही. शेवटी यांनीच माझा हात धरला.

"पुरे," म्हणाले. "फुटेल."